शंकेचा ढीग

नाना गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं, आणि तेही एका ट्रक ड्रायव्हरकडून. शिरपूरकडून आलेली गाडी आमच्या काट्यावर उभी होती. वजन होईपर्यंत ड्रायव्हर चहा पीत होता. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "शेठ, तुमचा तो गालाला लोखंड लावून बघणारा बाबा वारला ना? सोनगीरच्या थांब्यावर बोर्ड पाहिला." बोर्ड म्हणजे श्रद्धांजलीचा फ्लेक्स. मी वजनाची चिठ्ठी लिहीत होतो. ती पूर्ण लिहिली, खाली सही केली, त्याच्या हातात दिली. गाडी गेल्यावर बराच वेळ काट्यापाशीच उभा राहिलो... धुळ्याहून सोनगीर म्हणजे वीसेक किलोमीटर. एवढ्याशा अंतरातून मला कोणी निरोप धाडला नव्हता. का धाडला नव्हता हे मला चांगलं ठाऊक आहे असं तेव्हा वाटलं, त्यामुळे राग काढायलाही कोणी नव्हतं.

पुंडलिक नाना सोनगीरचे. तरुणपणी तिथे पितळेचे हंडे ठोकायचे. घरोघरी स्टील आलं, मग प्लॅस्टिक आलं, ठोकायचं काम संपलं, आणि ते माझ्या वडिलांच्या भंगाराच्या गोडाऊनमध्ये माल निवडायला आले. मी तेव्हा कॉलेज नुकतंच सोडलं होतं, म्हणजे खरं तर कॉलेजने मला सोडलं होतं. आम्ही राजस्थानातून आलेले जैन, चार पिढ्या धुळ्यात. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि नानांशी त्यांची अहिराणी, जी मी त्यांच्याच शेजारी बसून शिकलो. नाना शाळेत गेले नव्हते. आकडे ओळखायचे, अक्षरं नाही. पण धातू हातात आला की ते तो आधी गालाला लावायचे. डोळे मिटून, डाव्या गालाला, लहान मुलाला ताप आहे का बघावा तसे. पितळ किती गार, तांबं किती, ॲल्युमिनियम किती, हे त्यांना गालावरून कळायचं. आम्ही सगळे हसायचो. वडीलसुद्धा.

ते हसणं एका दिवसात बंद झालं. जळगावच्या एका बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यातून वडिलांनी जुन्या नळ्यांचा ढीग घेतला होता, स्टील म्हणून. नानांनी एक नळी उचलली, गालाला लावली, परत लावली, आणि म्हणाले, "शेठ, हाई गार लागत नही. कोमट शे." वडील म्हणाले, उन्हात पडली असेल. नाना म्हणाले, "मंग बाकीन्या बी उनमाच व्हत्यात ना." मग ग्राइंडरवर धरून पाहिली. लोखंडाच्या ठिणग्या पिवळ्या, तांबूस उडतात. या नळीतून पांढऱ्याशुभ्र उडाल्या, डोळे दिपतील अशा. जळगावच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी सांगितलं, हे टायटॅनियम आहे. आमच्या घरात तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. पुढे वडिलांनी आणि त्यांच्यामागे मी बाकीचं भंगार हळूहळू कमी केलं, आणि गुजरातेतल्या, जळगावकडच्या कारखान्यांमधून निघालेलं टायटॅनियम गोळा करून, निवडून, वितळवणाऱ्यांना पाठवायचं, हाच आमचा धंदा झाला. गोडाऊनमध्ये मात्र त्याला टायटॅनियम कोणी म्हणत नसे. नानांचा शब्दच चालला. कोमट.

नानांचे तीन ढीग असायचे. एक कोमटचा, एक बाकीच्या धातूंचा, आणि तिसरा कंपाउंडच्या भिंतीशी, बाभळीखाली, शंकेचा. ज्या तुकड्याबद्दल गाल नक्की सांगत नाही, तो शंकेच्या ढिगात. तिथला तुकडा त्या दिवशी हलवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, नाना तो परत गालाला लावणार, चुंबक लावणार, ग्राइंडरवर धरणार, आणि मगच तो इकडे किंवा तिकडे जाणार. काही तुकडे तिथे महिना महिना पडून असत. मी कटकट करायचो. एकदा त्यांना सांगितलं, नाना, ह्याच धातूच्या सळ्या डॉक्टर लोक माणसाच्या मोडक्या हाडात बसवतात. मला वाटलं, ऐकून खूश होतील. ते म्हणाले, "मंग तर बठ्ठं दोनदा दखनं पडी." सगळंच दोनदा बघावं लागेल. त्या दिवसापासून शंकेचा ढीग दुप्पट वाढला. माझं सांगणं माझ्याच अंगाशी आलं.

एकदा बारीक किसाच्या पिंपाने पेट घेतला. टायटॅनियमचा कीस पेटला की पांढरा जळतो, आणि त्यावर पाणी टाकलं की भडका उडतो. हे मला माहीत होतं, शंभरदा ऐकलं होतं. तरी मी बादली घेऊन धावलो. नानांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. दुसऱ्या हाताने खुणा करत त्यांनी वाळूची घमेली ओतायला लावली, विझेपर्यंत सगळ्यांना ओरडून कामाला लावलं, आणि तेवढा वेळ मी त्यांच्या मुठीत. संध्याकाळी मनगटावर चार बोटं उठलेली दिसत होती. "लागनं का भाऊ?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. माझ्या वडिलांनी मला कधी तसं धरलं नव्हतं.

सकाळी दहाला चहा, आणि चहाबरोबर वर्तमानपत्र. मी मोठ्याने वाचायचो, नाना निवडता निवडता ऐकायचे. बातमी संपली की त्यांचा एकच प्रश्न, "हाई कोनी लिखं?" लिहिणाऱ्याचं नाव असलं तर मी सांगायचो. नसलं, नुसतं 'वार्ताहर' असलं, तर नाना मानेनेच बाभळीकडे खूण करायचे. म्हणजे ही बातमी शंकेच्या ढिगात. "नाव नही, मंग खरं कसं मानानं?" किती मोठमोठ्या बातम्या आम्ही त्या बाभळीखाली टाकल्या आहेत. एकदा दुष्काळाची मदत जाहीर झाल्याची बातमी होती, तीही बिननावाची. नाना म्हणाले, हिला तर दोन दिवस ठेवा. ती अजून तिथेच असेल.

आणि संवत्सरी. आमच्यात पर्युषणाच्या शेवटी, वर्षभरात कळत नकळत कोणाला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. लहानथोर असं काही नाही, सगळ्यांची मागायची. वडील दरवर्षी गोडाऊनमध्ये येऊन प्रत्येकापुढे हात जोडायचे, त्यांच्या मागे मी जोडू लागलो. नानांपुढे उभा राहिलो की ते अवघडून हसायचे. एका वर्षी म्हणाले, "भाऊ, जवय चूक व्हयी, तवय मांगज्यात. आते कसाले?" चूक होईल तेव्हा मागा, आत्ता कशाला. मी म्हणालो, नाना, पद्धत आहे. ते म्हणाले, बरं, मग मीही मागतो. आणि त्यांनीही हात जोडले. एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नाही की त्या हात जोडण्याला काही कारण होतं.

मग गन आली. केस वाळवायचं यंत्र असतं ना, साधारण तसा आकार. धातूवर टेकवायची, घोडा दाबायचा, दोन सेकंदांत छोट्या पडद्यावर लिहून येतं की यात काय काय आहे. आता माल घेणारे सगळे ती मागतात, त्यामुळे घेणं भागच होतं. पण घेतल्यावर मला जो आनंद झाला तो कोणी लादलेला नव्हता, तो माझा होता. मी दिवसभर ती घेऊन फिरायचो. चावी तपासली, पाण्याचा नळ तपासला, बायकोच्या बांगड्या तपासून घरी बोलणी खाल्ली. नाना त्यांच्या पाटावर बसून बघायचे. मी त्यांनी निवडलेला कोमटचा ढीग गनने तपासला. एकही तुकडा चुकीचा निघाला नाही. खरं तर तेव्हाच मी जाऊन त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी म्हणालो, "बघा नाना, गनसुद्धा तेच सांगते." जसं काही नानांनाच परीक्षेत पास केलं.

आषाढात एक माल आला. त्यात जाड, भोकाभोकांच्या चकत्या होत्या, परातीएवढ्या, कडेला काळा रंग फासलेला. मी गन टेकवली. टायटॅनियम. नानांनी एक चकती मांडीवर घेतली, कडेचा रंग नखाने खरवडला, तिथे गाल टेकवला. "भाऊ, हाई चकती गार लागस. जड बी शे. चुंबक लाई दखा." वितळवणाऱ्यांकडे जाणारी गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर घाई करत होता. गन आल्यापासून चुंबक खुंटीला टांगलेलं होतं. मी म्हणालो, "चुंबकाचे दिवस गेले, नाना." त्यांनी चकत्या एकेक करून बाभळीखाली नेऊन ठेवल्या. त्या वयात, एकेक करून. आणि ते हात धुवायला गेले तेव्हा मी त्या तिथून उचलायला लावल्या आणि गाडीत भरल्या. शंकेच्या ढिगातून त्याच दिवशी माल हलण्याची ती पहिली वेळ.

गन वरवरचं बघते. चकत्यांवर टायटॅनियमचा थर होता आणि खाली लोखंड. अशा चकत्या कारखान्यांमध्ये असतात, हे मला ठाऊकही होतं. माल वितळवणाऱ्या कारखान्यात एका वितळणीत त्या गेल्या आणि ती अख्खी वितळण वाया गेली. पंधरा दिवसांनी त्या कारखान्याच्या मालकाचा फोन आला. तो ओरडला नाही, हे जास्त वाईट होतं. त्याने शांतपणे विचारलं, इतक्या वर्षांत असं झालं नाही, आता कसं झालं? माझ्या वडिलांचं नाव त्याच्या तोंडी आलं. मी घाबरलो, आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं, "हमारा पुराना आदमी है... नज़र कमज़ोर हो गई है उसकी. उसके हाथ से हो गया. अब सब गन से ही देखेंगे."

नाना माझ्यापासून सहा फुटांवर बसले होते. हातातला तुकडा गालाला लागलेला होता. मी हिंदीत बोलत होतो, पण महामार्गावरच्या माणसाला हिंदी कळत नाही असं कोण म्हणेल? त्यांनी तुकडा गालापासून काढला आणि खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी नेहमीच्या वेळी उठले, नळावर हात धुतले, डबा पिशवीत घातला. "येस भाऊ," म्हणाले. येतो. रोज म्हणायचे तसंच.

दुसऱ्या दिवशी ते आले. मला वाटलं, झालं, मिटलं, नाना मोठ्या मनाचे. चहाला मी वर्तमानपत्र वाचलं. बातमी संपली, त्यांनी काहीच विचारलं नाही. दुपारी मी पाहिलं तर कोमटचा ढीग रिकामा होता. बाकीच्या धातूंचाही. नाना एकेक तुकडा उचलत होते, गालाला न लावता बाभळीखाली नेत होते. साधं तांबंसुद्धा. आंधळ्याने ओळखावं असं पितळ, जे त्यांनी उभं आयुष्य ठोकलं, तेही शंकेच्या ढिगात. असे आठ दिवस. मी रोज बघत होतो आणि रोज उद्या बोलू म्हणत होतो. नवव्या दिवशी ते आले नाहीत. गावाकडच्या एकाबरोबर निरोप आला, नजर काम देत नाही, आता यायचं जमणार नाही.

माझीच वाक्यं त्यांनी माझ्याकडे परत पाठवली होती, आणि मी ती खरी असल्यासारखी ठेवून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, नाना थकले. त्यानंतर गोडाऊन फार शांत झालं. कामाला माणसं आहेत, ती कानात वायर घालून काम करतात. गन दोन सेकंदांनी टिक् करते. दहाला चहा येतो. मी वर्तमानपत्र उघडतो, आणि मोठ्याने वाचायला तोंड उघडलेलं असतं... मग मनातल्या मनात वाचतो. मुलं पुण्याला, बायको देवळात आणि तिच्या मैत्रिणींत. माझ्याशी दिवसभर बोलणारं माणूस एकच होतं, हे ते यायचं थांबल्यावर मला कळलं. संवत्सरी आली. त्या दिवशी मी फोनवरून चारशे लोकांना क्षमेचा संदेश पाठवला. हात जोडलेलं चित्र, खाली दोन ओळी. त्या कारखान्याच्या मालकालाही गेला. नानांकडे फोन नव्हता. पहिल्यांदाच खरी चूक हातात होती, आणि वीस किलोमीटर जायला मला वेळ झाला नाही. दिवाळीनंतर जाऊ म्हणालो. दिवाळीनंतर तो ड्रायव्हर आला.

मी सोनगीरला नानांच्या दारावर गेलो तेव्हा त्यांच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली होती आणि गावातली दहाबारा माणसं बसली होती. मला जागा करून दिली, चहा दिला. कोणी माझ्याशी वाकडं बोललं नाही. एक म्हातारे म्हणाले, शेवटी शेवटी नजरेने दगा दिला, नाहीतर नाना काम सोडणारा माणूस नव्हता. तेव्हा कळलं, नानांनी सगळ्या गावाला तेच सांगितलं होतं. मी काय केलं हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. अक्का, म्हणजे नानांची बायको, उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, घरातली भांडी एकेक करून गालाला लावायचे, दिवस दिवस बोलायचे नाहीत. मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, त्यासनी नजर खरंच गई व्हती का? मन्ही सुईमा दोरा तर त्याच टाकेत... शेवटला दिन लगून."

म्हणजे त्यांच्या सुईत दोरा शेवटच्या दिवसापर्यंत नानाच ओवायचे. सगळे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, उत्तर ऐकायला. फार काही म्हणायचं नव्हतं. नजर गेली नव्हती, अक्का, मी खोटं बोललो. एवढंच. त्यासाठीच मी आलो आहे असं मी गाडीत स्वतःला सांगत आलो होतो. मी कप खाली ठेवला, आणि म्हणालो, "वय झालं होतं, अक्का." त्यांनी मान हलवली आणि पदर सारखा करून आत गेल्या. नानांची फसवणूक मी एकदा फोनवर केली होती, ती घाबरून. ही दुसरी शांतपणे केली, त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्या घरचा चहा पिऊन. परतीच्या वाटेवर मला मनगटावर ती चार बोटं जाणवत राहिली. ह्या वेळी धरायला कोणी नव्हतं.

बाभळीखाली तो आठ दिवसांचा ढीग अजून आहे. गनने तो अर्ध्या तासात निवडून होईल, कामावरची पोरं दोनदा विचारून गेली. मी हात लावू दिलेला नाही. मध्ये एकदा सकाळी, चहाच्या आधी, त्यातला एक तुकडा उचलून गालाला लावून पाहिला. मला काही कळलं नाही. गारही वाटला नाही, कोमटही नाही, नुसता तुकडा. खाली नानांचा पाट आहे, चुंबक मी परत खुंटीवरून काढून त्यावर ठेवलं आहे.

वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीच्या संपादकांना हे लिहून पाठवतो म्हणालो तेव्हा ते म्हणाले, धंद्याचा प्रश्न असेल तर नाव नको, नुसती आद्याक्षरं देऊ. त्यांनी चांगल्या मनाने सुचवलं. मी नको म्हणालो. ज्या रविवारी हे छापून येईल त्या दिवशी मी सोनगीरला जाणार आहे. ओट्यावर बसून, अक्कांसमोर, ऐकायला येतील त्या सगळ्यांसमोर, हे मोठ्याने वाचणार आहे, जसं रोज दहाला वाचायचो तसं, पहिल्या ओळीपासून. नानांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. चूक माझी होती. त्यांनी चकत्या ओळखल्या होत्या, बाजूला ठेवल्या होत्या, आणि त्या मी उचलून पाठवल्या, आणि नाव त्यांचं सांगितलं. वाचून झाल्यावर तिथे कोणीतरी विचारील, हे कोणी लिहिलं? त्यांनी नाही विचारलं, तरी मी खालची ओळ वाचणार आहे.

अभयकुमार धनरूप रांका, धुळे